कमी आवाजाची मशीन

“हा कूलर नाई, चक्की हाय. जवारी टाकली तर पीठ निघंन,” कूलरच्या पाठीमागे वाकून हे स्वतःशीच पुटपुटले.

मी पाण्याचा पाइप धरून अगदी शेजारी उभी होते, म्हणून ऐकू आलं. खिडकीच्या आत, हॉलमध्ये, ह्यांनी गळा काढला असता तरी कोणाला कळलं नसतं.

“चक्की तर चक्की,” मी म्हटलं. “सरका, टाकी भरू द्या. वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडल्या.”

“मनोहररावाले झोप लागंन याच्यापुढं?”

“मला तर लागते.”

“तुले उभ्यानं लागते.”

त्यांनी कूलरच्या पत्र्यावर थाप मारली. पत्रा थरथरायचा थांबला, आतला पंखा जास्तच घुमायला लागला. त्यांनी दुसऱ्या बाजूला थाप मारली. मग खिशातून सुतळी काढून जाळी बांधली. जाळी गप्प झाली आणि तिच्यामागून टिल्लू पंपाचं कुरकुरणं ऐकू यायला लागलं, जे आजवर कोणी ऐकलंच नव्हतं.

“एक दाबलं की दुसरं निघते,” हे म्हणाले.

वीसेक वर्षं झाली या गोष्टीला. हिंगणघाटात आमचं घर गिरणीच्या मागच्या वस्तीत होतं. उन्हाळ्याचे तीन महिने सगळं घर म्हणजे एक हॉल आणि त्याच्या खिडकीतला तो लोखंडी कूलर. दुपारी जेवणं झाली की दारं-खिडक्या लावायच्या, पडदे सोडायचे आणि कूलरसमोर एका रांगेत आडवं व्हायचं. बाकीच्या खोल्यांत पाय ठेवला तरी चटका बसायचा. त्या वर्षी आमची मुलगी सुट्टीला माझ्या माहेरी, वर्ध्याला गेली होती आणि तिच्या जागेवर माझी नणंद झोपत होती. मंदाताई.

मंदाताई होळीला आल्या होत्या, चार दिवसांसाठी. आता वैशाख लागला होता. आमच्याकडे माहेरी आलेली मुलगी आपली आपण परत जात नाही. जावयानं यायचं, पाहुणचार घ्यायचा आणि बायकोला घेऊन जायचं. जावई उशिरा आला तर शेजारणी विचारतात. फारच उशीर झाला तर विचारायच्या थांबतात. शेजारणी थांबल्या होत्या.

मग हे नागपूरला जाऊन आले. जावयाला आमंत्रण द्यायला म्हणून गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. पायसुद्धा न धुता त्यांनी सांगून टाकलं, “मनोहरराव म्हणते, तुमच्या इथं कूलरचा लय आवाज हाय. त्यायची रात्रपाळी, दिवसा झोपा लागते. इथं झोप होत नाई म्हणून येऊन नाई राह्यले.”

“हो का,” आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, “छापखान्यात तर मोठाल्या मशिनी असतात नं रे, मोरू?”

“तिथं ते काम करते आई. झोपत नाई.”

“हो का,” आई परत म्हणाल्या.

मंदाताई ताटं मांडत होत्या. त्यांनी एक ताट पुसलं, मग तेच पुन्हा पुसलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात आवाजाचं वेड शिरलं. हे बाजार समितीत कारकून. आयुष्यभर दुसऱ्याच्या कापसाचं वजन लिहिलेला माणूस, पण आता जो भेटेल त्याला विचारायला लागले, तुमच्या कूलरचा आवाज किती, खिडकीतल्या एसीचा किती, भिंतीवरच्या स्प्लिटचा किती. लोकांच्या घरी जाऊन, डोळे मिटून बसायचे. घरी येऊन सांगायचे, “चिंचोळकरच्या एसीचा आपल्या कूलरपेक्षा निम्मा हाय, पण मधात एकदम खडाक करते. झोपलेला माणूस दचकंन.”

“तुम्ही दचकलात?”

“मी जागा होतो नं.”

त्या दुपारी टाकी भरून मी आत आले, तर मंदाताई रोजच्यासारख्या कूलरला पाठ लावून बसल्या होत्या. फोनचं स्टूल कूलरच्या खिडकीशेजारीच होतं. रोज दुपारी जेवणं झाली की त्या नागपूरला फोन लावायच्या. मनोहरराव त्या वेळी उठलेले असायचे आणि स्वतः फोन घ्यायचे. कूलरच्या त्या घुंघुंमध्ये हातभर लांबच्याला एक अक्षर कळायचं नाही, म्हणून त्या बिनघोर बोलायच्या. हे तर तोवर घोरायला लागलेले असायचे.

समोरच्या खाटेवर आई कैरी किसत होत्या, तक्कूसाठी.

आता एक गोष्ट सांगते. आईंची उमेदीची वर्षं गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्यात गेली. तिथे मशिनींपुढे ओरडून काही उपयोग नसायचा. बायका आवाज न काढता फक्त ओठ हलवून बोलायच्या. चार मशिनी पलीकडच्या बाईला सुनेची तक्रार सांगायच्या आणि पलीकडची हसायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासू मनातल्या मनात शिव्या देते. नंतर कळलं की त्या मीठ मागत होत्या. मग मीही शिकले. उन्हाळ्यात कूलर सुरू असला की आम्ही दोघी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तशाच बोलायचो. चहा ठेवू का, दूध तापवलं का, ती बघा कशी साडी नेसून आली. ह्यांना आणि मंदाताईंना ते कधी आलं नाही, आम्ही तसं बोलतो हेही कधी कळलं नाही. आई पाळीवर असायची, मुलं आजीजवळ वाढली. गिरणी सुटली की आई त्यांच्याशी तोंडानं बोलायची, तीही जरा जास्तच मोठ्यानं. दोघं हसायची तिला, आई भोंगा हाय म्हणून.

तर मंदाताई बोलत होत्या आणि आम्ही दोघी, इच्छा असो नसो, बघत होतो.

“तुम्ही या,” त्यांचे ओठ म्हणत होते. “मी काही विचारणार नाही.” मग ऐकणं. मग, “ती गेली का घरातून?” मग बराच वेळ ऐकणं. “बरं, राहू द्या तिला. पण तुम्ही या. लोकायपुढं तरी या.”

आईंच्या किसणीवरचा हात थांबला. मी पाण्याचा तांब्या उचलला, त्यात पाणी होतं तरी भरायला निघाले. रोज असंच काहीतरी दिसायचं आणि रोज आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळायचो. बाकी जगातलं सगळं आम्ही ओठांनी बोललो होतो, ही एक गोष्ट तशीही कधी बोललो नाही.

मंदाताईंनी फोन ठेवला, पदरानं मान पुसली आणि हसून मोठ्यानं म्हणाल्या, “हे म्हणत होते, ऊन फार आहे तिकडे.”

“काय?” मी कानाला हात लावून विचारलं.

“ऊन,” त्या ओरडल्या. “ऊन फार आहे.”

आठवडाभरात ह्यांनी आम्हा सगळ्यांना लाहोटींच्या दुकानात नेलं. सोबत घरून वर्तमानपत्र घेतलं होतं. त्यांनी एक युक्ती काढली होती. मशीन सुरू करायची, तिच्याशेजारी उभं राहून साध्या आवाजात बाजारभाव वाचायचे आणि दहा पावलांवर बसलेल्या माणसानं ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे. म्हणता आले तर मशीन पास.

ऐकायला कोणाला बसवावं? त्यांनी आईंना बसवलं. म्हातारीला ऐकू आलं म्हणजे कोणालाही येईल, असा हिशेब.

लाहोटीशेठनं आधी प्लॅस्टिकचा नवा कूलर लावला. ह्यांनी वाचलं. आई खुर्चीत हात जोडून बसल्या होत्या, म्हणाल्या, “तूर, चांगली. सोयाबीन, ओलं.”

“पास,” हे म्हणाले.

मग लोखंडी कूलर लावला. आमच्यापेक्षाही दांडगा, समोरच्या गठ्ठ्यातले कागद उडाले. आई म्हणाल्या, “सरकी. ढेप. भाव स्थिर.”

“हाही पास?” हे बुचकळ्यात पडले. मग खिडकीतला एसी लावला. तो सुरू होताना दुकानाची काच वाजली. आईंनी चण्याचे भाव सांगितले, वर म्हणाल्या, “अन् तुह्या दातात कोथिंबीर अडकली हाय.”

“आजीचे कान म्हणजे कमाल आहे,” लाहोटीशेठ म्हणाले. “बघा साहेब, आमचं सगळंच सामान बिनआवाजी.”

मला हसू आवरेना. ह्यांच्या गळ्यात दुकानातला सगळ्यात भसाडा कूलर पडेल अशी मला भीतीही वाटली. मी म्हटलं, “आई, जरा तोंड तिकडे करून बसा ना. भिंतीकडे.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे बोलू नये. पण त्या निमूट उठल्या, खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसल्या. ह्यांनी वाचलं. काही नाही. आणखी मोठ्यानं वाचलं. आईंची पाठ तशीच.

“आई,” हे ओरडले.

काही नाही.

“अहो, त्या ऐकत नव्हत्या,” मी म्हटलं, “बघत होत्या. गिरणीतली सवय.”

ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. ते आईंच्या पाठीकडे बघत राहिले. मग दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मंदाताई एकामागून एक फ्रिजची दारं उघडून तोंडावर गार हवा घेत होत्या, त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

लाहोटीशेठनं आम्हाला काचेच्या केबिनमध्ये नेलं. तिथे भिंतीवर स्प्लिट होता. दार बंद केलं आणि म्हणाले, “आता ऐका.”

ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. चौघं चार बाजूंना उभे राहिलो. आईंच्या बांगड्या वाजल्या तर आईच दचकल्या. ह्यांनी घसा साफ केला आणि लगेच थांबले, जणू देवळात खोकले. कोणाला वाचून दाखवायची गरजच नव्हती.

“इथं माणूस बोलंन काय?” मंदाताई हळूच म्हणाल्या.

“काऊन?” हे म्हणाले. “उलट बोलता येते आरामात.”

“हो, येते,” मंदाताई म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर गेल्या.

ह्यांनी तोच घेतला.

परत येताना आई आणि मंदाताई सायकलरिक्षात बसल्या, आम्ही दोघं मागून चालत निघालो. पुलाजवळ आल्यावर हे म्हणाले, “आईले दिसते ते सगळं? दुपारचं?”

“दिसतं.”

“अन् तुले?”

“मलाही.”

“काय म्हणते ती?”

“तुम्ही नागपूरला काय बघितलं ते आधी सांगा.”

ते थांबले. पुलाच्या कठड्याला हात लावला, तापलेला होता, काढून घेतला.

“दार एका बाईनं उघडलं,” ते म्हणाले. “मले म्हणते, कोण पाह्यजे. मंदाची साडी नेसून होती. मी घेतलेली, भाऊबिजेले. मी म्हटलं, मनोहरराव. तर म्हणते, झोपले हायेत, उठवू का? मी आत पाह्यलं. हॉलमध्ये कूलर सुरू होता. आपल्यापेक्षा डबल. अन् त्याच्यापुढं तो माणूस घोरून राह्यला होता, तोंड उघडं टाकून.”

“मग?”

“मग काय. म्हटलं, राहू द्या. आलो.”

“आणि आवाजाचं?”

“घरी येऊन काहीतरी सांगावं नाई लागत काय?” ते चिडून म्हणाले. “गाडीत बसून विचार करत होतो. बाजूच्या बाकावरचा कूलरच्या आवाजाची तक्रार करून राह्यला होता. तेच सांगितलं.”

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभर हा माणूस गावभर डोळे मिटून मशिनींचे आवाज ऐकत फिरला होता.

“मग एसी कोणासाठी घेतला तुम्ही आज?”

त्यांनी पुढे रस्त्याकडे बघितलं. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली होती.

“एकदा सांगितलं तर मग पुरं करा लागते नं,” ते म्हणाले. “मंदाही तर काही बोलली नाई. तिच्या घरचा कूलर तिले ठाऊक नाई काय? तिनं एकदा म्हटलं असतं, दादा, तू खोटं बोलून राह्यला, तर मी सोडून देलं असतं.”

“तुम्ही आईंना सांगा.”

“तू सांग. तुमचं चालते नं बिनआवाजी.”

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं, आधी ह्यांच्या, मग माझ्या. आम्ही दोघांनी ओठ मिटून घेतले. त्या घरात ओठ मिटून घेणं हेही बोलणंच होतं, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

मशीन बसवायला माणूस आला तो नेमका दुपारी, आणि भिंतीला भोक पाडण्यात मंदाताईंच्या फोनची वेळ टळून गेली. त्या दोनदा स्टुलापर्यंत गेल्या, दोनदा परत आल्या. सिमेंटचा धुरळा फोनवर बसला होता, तो पुसून काढला. हॉलमध्ये घामाघूम होऊन आम्ही सगळे इकडून तिकडे फिरत होतो. कोणी बसेना. आई उगाच उशा उचलून या खाटेवरून त्या खाटेवर ठेवत होत्या.

शेवटी कूलर बंद झाला. पाती फिरत फिरत थांबली, ताट्यांतून पाणी ठिबकत राहिलं. भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीचं तोंड उघडलं.

“सुरू करा नं,” हे म्हणाले.

“सुरूच आहे,” तो माणूस म्हणाला. त्यानं सामान आवरलं आणि गेला.

कॅलेंडरचं पान हलत होतं, एवढंच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला लग्नानंतर पहिल्यांदाच उन्हाळ्यातल्या दुपारी ऐकू आली. शेजारच्या टिनावर कावळा चालत होता, त्याची नखं वाजत होती. आम्ही चौघं रांगेनं बसलो. आडवं व्हायला कोणी तयार नव्हतं.

ह्यांनी सवयीनं वर्तमानपत्र उचललं. “आई, तोंड तिकडं कर. वाचून पाहू.”

“कायले?” आई म्हणाल्या. “आता तर भिंतीलेही ऐकू येईन.”

मंदाताई उठल्या. “मी त्यांना सांगते,” त्या म्हणाल्या, “मशीन लागली म्हणून. आता आवाज नाही म्हणून.”

“वेळ गेली नं आजची,” मी म्हटलं. “उद्या लावा.”

“सांगून ठेवते.”

आम्ही बाहेर जायला हवं होतं. बाहेर भट्टी पेटली होती, हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. तिघांपैकी कोणीही जागचं हललं नाही. मंदाताईंनी नंबर फिरवला. फोन त्यांच्या कानाला होता आणि तिकडची रिंग आम्हाला खाटेवर ऐकू येत होती. एक. आणखी एक. त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

मग फोन उचलला गेला.

“हॅलो?” बाईचा आवाज होता, झोपेतून उठल्यासारखा. “कोण बोलते?”

मंदाताईंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली.

“बोलून नाई राह्यलं कोणी,” तो आवाज फोनपासून जरा लांब जाऊन म्हणाला. अगदी घरच्यासारखा, सावकाश. “अहो, ऐकता का? उठा नं. तुमचाच असंन.”

मंदाताईंनी फोन ठेवला. नीट ठेवला, वायरीचा पीळ सोडवला, स्टुलावरचं कापड सरळ केलं. मग वळल्या.

“क्रॉस लागला,” त्या म्हणाल्या. “भलतीकडेच लागला.”

“लागते,” हे लगेच म्हणाले. “उन्हाळ्यात तारा लोंबतात. होते असं.”

“पन्हं आणू का सगळ्यांना?” मी विचारलं.

“आण,” हे म्हणाले.

मी उठले नाही. कोणी परत म्हटलंही नाही. ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि कोणी न सांगता वाचायला लागले, तूर चांगली, तूर मध्यम, साध्या आवाजात, आणि मध्यमनंतर त्यांना पुढचं वाचता येईना.

आईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. “तू सांग.”

“तुम्ही,” मी ओठांनीच म्हटलं.

“माह्यानं होत नाई.”

“तुमची लेक आहे.”

“तुही नणंद हाय.”

“काय बोलून राह्यल्या तुम्ही दोघी?” मंदाताई म्हणाल्या.

आम्ही थांबलो. इतकी वर्षं कूलरच्या घरघरीत आमचं ते बोलणं कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. आता त्या शांत खोलीत दोन बायका एकमेकींकडे तोंड करून नुसते ओठ हलवत होत्या आणि मंदाताई एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांची नजर त्या रोज ज्याच्याशेजारी बसायच्या त्या फोनच्या स्टुलाकडे गेली, तिथून आईच्या खाटेकडे, आणि परत स्टुलाकडे. त्यांचा हात हळूच स्वतःच्या तोंडावर गेला.

“रोज?” त्यांनी विचारलं.

आई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पाय सरळ करत, जशा नेहमी उठतात तशा. मंदाताईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा ओठ हलले आणि आवाज आला नाही. दुसऱ्यांदा आला. खोलीत काही वाजत नव्हतं तरी आई पाळीवरून नुकत्याच सुटल्यासारख्या मोठ्यानं बोलल्या. बाहेर गल्लीत ऐकू गेलं असेल.

“क्रॉस नाई लागला, मंदा. फोन बरोबर लागला. तो तुले न्यायले येणार नाई. अन् आला तरी मी धाडत नाई.”